व्हर्मीरने न काढलेला व्हर्मीर

प्रकरण थोडक्यात असं. १९३७ च्या सप्टेंबरात मोनॅकोत राहणाऱ्या एका ८२ वर्षांच्या डच कलातज्ज्ञाने एक चित्र पाहिलं आणि ही सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याची सर्वश्रेष्ठ कृती आहे, असा निर्वाळा दिला. पुढच्या वर्षी ते चित्र रॉटरडॅमच्या बॉइमन्स संग्रहालयात दाखल झालं. लोक त्याच्यापुढे उभे राहून हळवे होत राहिले. १९४५ च्या जुलैत आम्स्टरडॅमच्या कोठडीतला एक चित्रकार म्हणाला, ते चित्र मी काढलंय. यावर कोणाचा विश्वासच बसेना.

बनावट चित्र खपवणारे पकडले जातात, त्यात नवल नाही. इथे पकडलेला माणूस ‘मी बनावट काढलं’ म्हणून जीव तोडून सांगत होता आणि ते सिद्ध करायला त्याला पहाऱ्यात पुन्हा ब्रश हातात घ्यावा लागला. हान व्हान मेगेरेनची ही गोष्ट बहुतेक वेळा ‘नाझी नेता गोअरिंगला गंडवणारा बहाद्दर’ अशी रंगवून सांगतात. ती तशी सांगायला मजा येते, मीही कधीकाळी तशीच सांगायचो. पण कागदपत्रं जरा नीट वाचली की त्या बहाद्दरीचा रंगही ओला लागतो.

चित्रात काय आहे

चित्राचं नाव ‘अम्माऊसचं भोजन’. साधारण १.२ मीटर उंच आणि १.३ मीटर रुंद. गोष्ट बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातली. पुनरुत्थानानंतर येशू दोन शिष्यांबरोबर वाट चालतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. संध्याकाळी अम्माऊस गावी जेवायला बसल्यावर तो भाकर घेऊन आशीर्वाद देतो, ती मोडतो आणि तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडतात. ओळख पटण्यावरचं हे चित्र, आणि आठ वर्षं त्याचीच ओळख कोणाला पटली नाही.

मध्यभागी निळ्या वस्त्रातला येशू, टेबलामागे आपल्याकडे तोंड करून बसलेला. दोन शिष्य दोन बाजूंना, मागे वाढणारी बाई. डावीकडून खिडकीचा उजेड. टेबलावर पांढरा जग. पावाच्या कवचावर उजेडाचे बारीक ठिपके आहेत, मोहरी शिंपडल्यासारखे. व्हर्मीरची ‘दूधवाली’ ज्याने पाहिली आहे त्याला ते ठिपके लगेच ओळखू येतात, आणि ओळखू यावेत म्हणूनच ते तिथे आहेत. ओळखीची खूण पावावर ठेवली की बघणारा उरलेल्या चित्राबद्दल फारसे प्रश्न विचारत नाही.

आता चेहरे. पापण्या सुजल्यासारख्या जड, खाली उतरलेल्या. गालफडं वर, गाल आत गेलेले, डोळ्यांभोवती काळसर सावली, ओठ भरीव. आज हे पाहिलं की १९३० च्या दशकातली सिनेमाची जाहिरात आठवते. हॉलिवूडची नटी ग्रेटा गार्बो हिचं नाव तर कित्येकांनी घेतलं आहे. तेव्हा ते कोणालाच का दिसलं नाही? कारण तो चेहरा तेव्हा चालू होता, हवेत होता. आपल्याकडच्या कॅलेंडरांवरचे देव घ्या. साठ सालच्या कॅलेंडरावरचा राम आणि नव्वद सालचा राम शेजारी ठेवले की दोघेही आपापल्या दशकातल्या नटांसारखे दिसतात. पण ज्या वर्षी ते भिंतीवर टांगलेले होते, त्या वर्षी तो फक्त राम होता.

माणूस

व्हान मेगेरेनचा जन्म १० ऑक्टोबर १८८९ चा, नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरचा. वडील शिक्षक, मुलाच्या चित्रकलेला प्रतिकूल. शाळेत मात्र बार्टस कोर्टेलिंग नावाचे चित्रकला शिक्षक भेटले. कोर्टेलिंगना नव्या चित्रकलेचं वावडं होतं आणि सतराव्या शतकाचं वेड. रंग कसे घोटायचे, कशात कालवायचे, हे त्यांनी या मुलाला हाताला धरून शिकवलं. १९०७ मध्ये तो डेल्फ्टला वास्तुशास्त्र शिकायला गेला. डेल्फ्ट म्हणजे व्हर्मीरचंच गाव. तिथे १९१३ मध्ये रॉटरडॅमच्या सेंट लॉरेन्स चर्चच्या अंतर्भागाच्या जलरंगातल्या चित्राला सुवर्णपदक मिळालं. वास्तुशास्त्र बाजूला पडलं.

पुढे हेगमध्ये त्याचं बरं चाललं होतं. श्रीमंतांची व्यक्तिचित्रं, जाहिराती, भेटकार्डं. राजकन्या युलियानाच्या हरणाचं १९२१ चं रेखाटन तर नेदरलँड्समधल्या घराघरांत छापील प्रतीत पोचलं. समीक्षकांनी मात्र त्याला कधी मोठं मानलं नाही. हात चांगला आहे, पण सांगायला काही नाही, असा एकूण सूर. आधुनिक कलेवर आग ओकणारं एक मासिकही त्याने मित्राबरोबर चालवलं. या समीक्षकांवर सूड उगवायचा म्हणून आपण खोट्या व्हर्मीरकडे वळलो, असं त्याने नंतर सांगितलं. ही सुडाची कथा जरा बाजूला ठेवू. तिचा हिशोब पुढे करायचा आहे.

१९३२ मध्ये दुसऱ्या पत्नीसह, म्हणजे योबरोबर, तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून गावी राहायला गेला. समुद्राकाठी बंगला, श्रीमंत पाहुण्यांची व्यक्तिचित्रं, आणि बंद खोलीत चार वर्षांचे प्रयोग.

रिकामी जागा

बनावट चित्र म्हणजे कोणत्या तरी प्रसिद्ध चित्राची हुबेहूब नक्कल, असं आपल्याला वाटतं. तशी नक्कल केली तर लगेच पितळ उघडं पडतं, कारण अस्सल चित्र शेजारी आणून ठेवता येतं. व्हान मेगेरेनने अस्तित्वातच नसलेलं चित्र काढलं. आणि ते कुठे बसेल, हे त्याने आधी हेरलं होतं.

व्हर्मीर (१६३२ ते १६७५) हा मोठा विचित्र चित्रकार आहे. दोनेकशे वर्षं जवळपास विसरलेला, १८६० च्या दशकात एका फ्रेंच समीक्षकाने पुन्हा उजेडात आणलेला. चित्रं जेमतेम पस्तीसच्या आसपास. बहुतेक लहान आकाराची, घरातली: पत्र वाचणारी बाई, दूध ओतणारी बाई, वाद्य वाजवणारी बाई. १९०१ मध्ये ‘मार्था आणि मरिया यांच्या घरी येशू’ हे चित्र त्याचं म्हणून पुढे आलं आणि घोटाळा झाला. हे मोठं, धार्मिक, रुंद फटकाऱ्यांचं चित्र बाकीच्यांशी जुळत नव्हतं. म्हणजे तरुणपणी व्हर्मीर वेगळा होता का? इटालियन धाटणीची, काराव्हाज्जोच्या वळणाची धार्मिक चित्रं त्याने काढली होती का? काढली असतील तर बाकीची कुठे आहेत?

हा प्रश्न ज्यांना मनापासून छळत होता त्यांत अब्राहम ब्रेडियस अग्रणी. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाचा तो वीस वर्षं संचालक होता. रेम्ब्रांट, व्हर्मीर या नावांवर त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. व्हर्मीरचं ‘श्रद्धेचं रूपक’ हे धार्मिक चित्र त्यानेच १८९९ मध्ये हेरून विकत घेतलं होतं. मधला दुवा एक दिवस सापडणार, याची या माणसाला खात्री होती. आणि तो दुवा कसा दिसेल याची कल्पनाही त्याच्या डोक्यात तयार होती.

व्हान मेगेरेनने ती कल्पना रंगवून त्याच्यापुढे ठेवली. मोठं, धार्मिक, काराव्हाज्जोने दोनदा हाताळलेल्या विषयाचं चित्र, वर पावावरचे ठिपके. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. फक्त इथे डोळे देणारा देव नव्हता.

भट्टी

कारागिरीचा भाग सविस्तर सांगायला हवा, कारण शेवटी खटल्याचा निकाल इथेच लागला.

जुन्या तैलरंगाची खरी ओळख त्याच्या कडकपणात असते. जवसाच्या तेलात कालवलेला रंग वरून आठवड्याभरात सुकतो, पण आतून पूर्ण घट्ट व्हायला कित्येक दशकं जातात. म्हणून त्या काळची सोपी कसोटी अशी: अल्कोहोलमध्ये बुडवलेला बोळा रंगावर फिरवायचा. रंग बोळ्याला लागला तर चित्र कोवळं आहे. या कसोटीने १९२० च्या दशकात फ्रान्स हाल्स या जुन्या डच चित्रकाराच्या नावावर खपवलेल्या एका चित्राचं बिंग फुटलं होतं. ते चित्र व्हान मेगेरेनचा भागीदार थिओ व्हान वाइनखार्डन याच्या हातून बाजारात आलेलं. म्हणजे घोडं कुठे पेंड खातं, हे व्हान मेगेरेनला पक्कं ठाऊक होतं.

त्यावर त्याने शोधलेला उपाय आपल्या स्वयंपाकघरात सापडतो. कुकरची काळी मूठ, जुन्या घरांतली विजेची काळी बटणं, गोल तबकडीचा जड टेलिफोन: हे सगळं बेकेलाइटचं. बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलंडने १९०७ मध्ये शोधलेला हा पहिला पूर्ण कृत्रिम प्लास्टिक पदार्थ, फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून होणारा. एकदा तापवून कडक झाला की पुन्हा वितळत नाही आणि अल्कोहोलला दाद देत नाही. व्हान मेगेरेनने रंगात हेच राळेसारखं द्रव्य वापरलं, ते पातळ करायला लायलॅकच्या फुलांचं तेल घेतलं आणि काढलेलं चित्र शंभर-एकशेवीस अंशांच्या भट्टीत भाजलं. रंग पोळू नयेत, पिवळे पडू नयेत आणि तरी दगडासारखे व्हावेत, हा तोल साधायला त्याची वर्षं गेली. किती कॅनव्हास जळाले असतील ते त्यालाच माहीत. लायलॅकचा वास घरभर सुटायचा म्हणून तो फुलदाणीत लायलॅकची ताजी फुलं ठेवायचा, अशीही एक गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, माणसाला शोभणारी आहे.

रंगद्रव्यं सगळी जुनी: शिशाचा सफेदा, हिंगूळ, निळ्यासाठी खरा लाजवर्द. लाजवर्द तेव्हाही सोन्याच्या भावाने मिळायचा. ब्रश बिज्जूच्या केसांचे, जुन्या धाटणीचे. एखादा आधुनिक केस रंगात अडकून राहिला तर फुकट मरण. आणि कॅनव्हास अस्सल सतराव्या शतकातला. एका बिनमहत्त्वाच्या चित्रकाराचं ‘लाझरसचं पुनरुत्थान’ त्याने विकत घेतलं, वरचा रंग घासघासून काढला आणि खालचा थर मात्र मुद्दाम शाबूत ठेवला. त्या थरात अडीचशे वर्षांच्या भेगा होत्या. नवा रंग भाजला की त्या खालून वर यायच्या. पुढे चित्र नळकांड्यावर गुंडाळून आणखी तडे पाडायचे, तड्यांत काळी शाई मुरवायची म्हणजे शतकांचा धुरळा बसल्यासारखा दिसतो, आणि वरून पिवळसर व्हार्निश. एकदोन जागी थोडं फाडून ‘दुरुस्ती’ही केली.

कॅनव्हास आणि त्याची लाकडी चौकट त्याने एका बाजूने कापून आखूड केली होती. कापलेला तुकडा जपून ठेवला. का, याचा अंदाज प्रत्येकाने आपापला करावा.

इंचन्इंच व्हर्मीर

चित्र ब्रेडियसकडे नेलं ते व्हान मेगेरेनने स्वतः नाही. खेरार्ड बोन नावाच्या वकिलाला त्याने पुढे केलं. बोन संसदेचा माजी सदस्य, स्वच्छ प्रतिमेचा आणि स्वतःही फसलेला. चित्राच्या मालकाचं नाव उघड करता येणार नाही, घराण्याची अडचण आहे, असं काहीसं कारण. ‘अडचणीतलं जुनं घराणं’ म्हटलं की खोदून विचारणं अशिष्ट ठरतं, हे कुठल्याही देशात खरं.

ब्रेडियसने लंडनच्या ‘बर्लिंग्टन मॅगझिन’च्या नोव्हेंबर १९३७ च्या अंकात लेख लिहिला. अज्ञात, अस्पर्श, जसं चित्रकाराच्या हातून उतरलं तसं चित्र अचानक समोर येणं हा कलाप्रेमीच्या आयुष्यातला किती अद्भुत क्षण असतो, अशी सुरुवात. पुढे एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: हे त्याच्या बाकी सगळ्या चित्रांपेक्षा अगदी वेगळं आहे, आणि तरीही इंचन्इंच व्हर्मीरचं आहे. या वाक्यात अख्खं प्रकरण मावतं. ‘वेगळं आहे’ ही शंका म्हणून मांडायची गोष्ट होती. त्याने ती पुरावा म्हणून मांडली.

सगळेच फसले असं मात्र नाही. चित्रांचा बडा व्यापारी जोसेफ ड्यूव्हीन याच्या माणसांनी पॅरिसमध्ये बँकेच्या तिजोरीत हे चित्र पाहिलं आणि न्यूयॉर्कला तार केली: चित्र भिकार आणि नकली. ड्यूव्हीनने घेतलं नाही. बोभाटाही केला नाही. धंद्यात दुसऱ्याची नक्कल आपण कशाला उघडी पाडायची? यातली खोच पुढे आहे. ड्यूव्हीनमार्फत दोन ‘व्हर्मीर’ त्याआधी अमेरिकन धनाढ्य अँड्र्यू मेलनकडे पोचले होते आणि तिथून वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत गेले. तेही १९२० च्या दशकातले बनावट निघाले. हात व्हान वाइनखार्डन आणि व्हान मेगेरेन यांच्याच कंपूतला असावा, असं आज मानतात.

बॉइमन्सचा संचालक डिर्क हानेमा याने मात्र जिवाचं रान केलं. रेम्ब्रांट सोसायटी, जहाजमालक व्हान डर व्होर्म आणि इतर देणगीदार मिळून सुमारे ५,२०,००० गिल्डर (तेव्हाचं डच चलन) उभे राहिले. राणी विल्हेल्मिनाच्या राज्यारोहणाला ४० वर्षं झाल्याबद्दल १९३८ मध्ये मोठं प्रदर्शन भरलं आणि त्यात हे चित्र मानाचं पान ठरलं. देशाचा ठेवा देशाबाहेर जाता जाता वाचला, ही भावना सगळीकडे होती. ती भावना एकदा तयार झाल्यावर शंका घेणारा माणूस रसिकतेत कमी पडतोच, वर देशप्रेमातही कमी पडतो.

एकातून दुसरं

१९३९ नंतर व्हान मेगेरेन नेदरलँड्सला परतला आणि युद्धाच्या काळात कारखाना काढल्यासारखे व्हर्मीर बाहेर पडू लागले. ‘शेवटचं भोजन’ संग्राहक डी. जी. व्हान ब्यूनिंगेनने १६ लाख गिल्डरांना घेतलं. ‘इसहाक याकोबाला आशीर्वाद देतो’, ‘पाय धुणं’, ‘येशू आणि व्यभिचारिणी’. चित्रकार दारू आणि मॉर्फीनच्या आहारी गेला होता आणि चित्रं उत्तरोत्तर वाईट होत गेली. हात बेढब, कपडे पोत्यासारखे, चेहऱ्यांवर तीच सुजलेली पापणी.

तरी ती खपली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी जागा ही आहे. ‘शेवटचं भोजन’ कोणी ‘दूधवाली’शी ताडून पाहिलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण ते ताडून पाहिलं गेलं ‘अम्माऊस’शी. आणि ‘अम्माऊस’शी ते चपखल जुळत होतं, जुळणारच! एकदा खोटं माप दुकानात शिरलं की पुढचं प्रत्येक खोटं वजन त्यावर बरोबर उतरतं. शिवाय खरे व्हर्मीर बॉम्बच्या भीतीने तळघरांत, बंकरांत हलवलेले. तुलनेला भिंतीवर काही नाही. ‘पाय धुणं’ डच सरकारने घेताना तज्ज्ञांच्या समितीत एकाने ते नकली असल्याचं सांगितलं होतं. बाकीच्यांनाही ते फारसं आवडलं नव्हतं. पण आपण घेतलं नाही तर जर्मन घेतील, या धाकाने तेरा लाखांच्या आसपास मोजले गेले.

‘येशू आणि व्यभिचारिणी’ खरोखरच जर्मनांकडे गेलं. आलोइस मीडल या दलालामार्फत ते हेर्मान गोअरिंगने मिळवलं. किंमत १६,५०,००० गिल्डर. रोख नव्हे, त्याबदल्यात त्याने लुटीतली सुमारे १३७ चित्रं दिली. चोरावर मोर ही म्हण इतकी तंतोतंत लागू पडणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

कबुली

युद्ध संपल्यावर गोअरिंगच्या संग्रहात हे चित्र सापडलं. धागा मीडलकडून व्हान मेगेरेनपर्यंत आला आणि २९ मे १९४५ रोजी त्याला अटक झाली. आरोप: राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकला. त्या दिवसांत या आरोपाची शिक्षा देहदंडापर्यंत जाऊ शकत होती. सहा आठवडे तो चित्र कुठून आलं याबद्दल थापा मारत राहिला. १२ जुलैला बोलला: व्हर्मीर नव्हताच तो, मी काढला. आणि ‘अम्माऊस’ही माझंच.

हसले लोक. मग ठरलं, काढून दाखव. जुलै ते डिसेंबर १९४५ या काळात, पहाऱ्यात, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत त्याने ‘शास्त्र्यांमध्ये बाल येशू’ हे व्हर्मीर धाटणीचं शेवटचं चित्र काढलं. चित्र सुमार आहे, पण हात तोच आहे हे सांगायला पुरेसं होतं.

पक्का पुरावा दिला तो बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ पॉल कोरेमान्स याच्या समितीने. रंगात फिनॉल-फॉर्मल्डिहाइड राळ सापडली. व्हर्मीरच्या मरणानंतर सव्वादोनशे वर्षांनी जन्मलेला पदार्थ. भेगांत धुळीऐवजी एकसारखी शाई. क्ष-किरणांत ‘अम्माऊस’च्या पोटात लाझरसच्या जुन्या चित्राचे अवशेष, चित्रकाराने सांगितले होते तिथेच. गोअरिंगच्या चित्रात तर कोबाल्टचा निळा निघाला, जो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तयार झाला. युद्धकाळातला लाजवर्द भेसळीचा असावा. दक्षिण फ्रान्समधल्या त्याच्या घरात सरावाची चित्रं मिळाली, ‘अम्माऊस’मधला पांढरा जग मिळाला आणि चौकटीचा तो कापलेला तुकडाही.

खटला २९ ऑक्टोबर १९४७ ला आम्स्टरडॅममध्ये चालला, एका दिवसात आटोपला. कोर्टाच्या भिंतींवर चहूकडे त्याचेच व्हर्मीर टांगलेले. आरोप बदलून आता फसवणूक आणि खोटी सही एवढेच उरले होते. इतक्या भरमसाट किमती का घेतल्या, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला की स्वस्तात विकली असती तर नकली आहेत हे लगेच कळलं असतं. कोर्ट हसलं. १२ नोव्हेंबरला एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगायची वेळ आली नाही. हृदयविकाराने ३० डिसेंबर १९४७ रोजी तो गेला. वय ५८. ब्रेडियस त्याच्या आधीच, १९४६ च्या मार्चमध्ये, ९० व्या वर्षी वारला होता.

बहाद्दराचा हिशोब

पाच वर्षं नाझींच्या टाचेखाली काढलेल्या देशाला हा किस्सा हवाच होता. आपल्यातल्या एका किडकिडीत म्हाताऱ्याने त्या गोअरिंगला बनवलं! अटकेच्या वेळचा देशद्रोही कोर्टातून बाहेर पडेपर्यंत लोकनायक झाला.

आता सुडाची कथा आठवा. सूडच घ्यायचा होता तर ‘अम्माऊस’ला सोन्याची चौकट लागल्यावर, १९३८ मध्येच, तो गौप्यस्फोट करू शकला असता. चौकटीचा तुकडा त्यासाठीच ठेवला होता, असं त्याचं म्हणणं. पण त्याने तोंड उघडलं ते मान फासाखाली आल्यावर. मधल्या काळात युद्धात उपाशी असलेल्या आम्स्टरडॅममध्ये तो घरांमागून घरं विकत घेत होता. चित्रांची एकूण कमाई सत्तर लाख गिल्डरांच्या घरात गेली होती. आणि बनावटगिरीची सुरुवात समीक्षकांनी डावलल्यानंतर झालीच नव्हती. १९२० च्या दशकात, नाव आणि पैसा दोन्ही मिळत असतानाच, ती चालू होती.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. त्याच्या रेखाचित्रांचं एक आलिशान पुस्तक १९४२ मध्ये निघालं होतं. त्याची एक प्रत बर्लिनला हिटलरच्या चॅन्सेलरीत सापडली. आत त्याची सही आणि ‘प्रिय फ्यूररला कृतज्ञतापूर्वक’ अशा आशयाची जर्मन अर्पणपत्रिका. ही बातमी १९४५ च्या जुलैत, त्याच्या कबुलीच्याच सुमारास, छापून आली. तो म्हणाला, सही माझी, वरचा मजकूर कोणीतरी नंतर घातला. आयुष्यभर खोट्या सह्या करणाऱ्याच्या तोंडी हा बचाव मोठा गमतीचा आहे. लोकांनी तो मानला, कारण त्यांना तो मानायचा होता. ब्रेडियसला हवा होता तो व्हर्मीर त्याने दिला. देशाला हवा होता तो नायकही दिला. दुसऱ्या कामाला तर भट्टीसुद्धा लागली नाही.

नंतरचं

‘अम्माऊस’ आणि ‘शेवटचं भोजन’ ही दोन चित्रं अस्सलच आहेत, व्हान मेगेरेन फुशारकी मारत होता, असं म्हणणारी मंडळी त्याच्या मरणानंतरही होती. बेल्जियन तज्ज्ञ जाँ देकोन त्यांत आघाडीवर. आणि १६ लाख गिल्डर मोजलेला व्हान ब्यूनिंगेन तर थेट कोरेमान्सवरच कोर्टात गेला: तुमच्या अहवालाने माझ्या व्हर्मीरची नाचक्की झाली, भरपाई द्या. १९५५ मध्ये तो वारला. वारसांनी दावा चालू ठेवला आणि १९५६ मध्ये हरले.

शेवटची शंका अणुविज्ञानाने मिटवली. शिशाच्या सफेद्यात शिसे-२१० असतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. हे शिसे ज्यापासून बनत राहतं ते रेडियम धातू गाळताना बरंचसं मळीबरोबर निघून जातं, म्हणून ताज्या सफेद्यात दोघांचा तोल बिघडलेला असतो. तीनशे वर्षांत तो सावरतो. १९६० च्या दशकाअखेर अमेरिकेत बर्नार्ड कीश यांनी ‘अम्माऊस’चा सफेदा मोजला. शिशापासून होणाऱ्या पोलोनियमची किरणोत्सारिता ग्रॅममागे मिनिटाला ८.५ विघटनं, रेडियमची ०.८. दहापटीची तफावत, म्हणजे सफेदा अगदी अलीकडचा. डिफरन्शियल इक्वेशनच्या पुस्तकांत हे गणित आजही सोडवायला असतं. चित्रकलेशी काडीचा संबंध नसलेल्या कित्येक इंजिनिअरांना व्हान मेगेरेन तिथेच भेटलेला आहे.

राहिला हानेमा, बॉइमन्सचा संचालक. जर्मन राजवटीशी जवळीक केल्याबद्दल १९४५ मध्ये त्याला अटक झाली, पद गेलं. ‘अम्माऊस’चा डाग तर जन्माचा. तरी व्हर्मीर शोधायचं वेड गेलं नाही. पुढेही तो नवनवे व्हर्मीर सापडल्याचं सांगायचा आणि लोक हसायचे. १९७५ मध्ये त्याने पॅरिसमध्ये एका व्यापाऱ्याकडून एक पवनचक्कीचं चित्र विकत घेतलं आणि हे व्हॅन गॉगचं आहे म्हणून सांगत सुटला. कोणी दखलही घेतली नाही. १९८४ मध्ये तो गेला. २०१० मध्ये आम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने तपासणी करून जाहीर केलं की चित्र अस्सल आहे. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरची ब्लूट-फाँ पवनचक्की, १८८६ सालची. ती आता झ्वोल्ले शहरात, हानेमाच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या संग्रहालयात आहे.